भिंगरीच्या सिनेमातली अकरा मिनिटं

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या हाती पाठवतेय. त्या उद्या पहिल्या गाडीने तुझ्या शहरात बहिणीकडे निघाल्यात आणि आज संध्याकाळी सातला पत्र न्यायला येणार आहेत. आत्ता सकाळचे दहा वाजलेत. नऊ तास म्हणजे पुष्कळ झाले असं तुला वाटेल, पण माझं अक्षर तुला माहीत आहे, पानाला आठ ओळी. शाळा दुसरीत सुटली, पुढचं वाचायला मी थेटरावरच्या पोस्टरांवरून शिकले, त्यामुळे माझी अक्षरं अजून भिंतीवर डकवल्यासारखीच येतात. पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही. तुझ्या आईचा गुडघा तेवढा दुखतो, पण तो माझ्याकडे जिना चढून यायचं असलं की दुखतो, बाजारात जायचं असलं की बरा असतो.

तर मुद्दा. रविवारी तू फोनवर विचारलंस, आजी, बघितलास का सिनेमा, कसा वाटला. मी म्हटलं, छान. तू म्हणालीस, बस्स, आता मला जगात कुणाचं ऐकायचं नाही, शुक्रवारी पक्की प्रत देऊन टाकते. आणि फोन ठेवलास. झालं, तेव्हापासून माझा जीव एका जागी लागेना. काल दोनदा पिठात मीठ घातलं. भांडी घासून झाली की पुन्हा घासायला घेतेय. आता हे लिहायला बसले तर तीन वेळा उठून दाराची बेल वाजली का बघून आले, आणि आमची बेल तर महिनाभर बंद आहे. अगं, सिनेमा छानच आहे. ते खोटं नाही. पण थेटरात बावीस वर्षं काढलेली बाई नुसतं छान म्हणून गप्प बसते तेव्हा तिने काहीतरी गिळलेलं असतं. ते मला शुक्रवारच्या आत तुला सांगायचं आहे. एकदा ती प्रत गेली की तिला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही, असं तूच म्हणाली होतीस. आणि फोनवर मला ते जमायचं नाही. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ लोण्याची होते, पुन्हा छानच म्हणेन.

आधी गोड बोलून घेते, मला तो हक्क आहे. माझ्या नातीने सिनेमा केला! तोही तसा, अंतराळात न जाता, एकही यान न उडवता. ती पहिली पाच मिनिटं मी श्वास रोखून बसले. एक गाव, साधंच, आणि तिथे एके दिवशी आवाज यायचा बंद होतो. बेकरीतली ती पोरगी ट्रे आपटते, आवाज नाही. कुत्रं तोंड उघडून मिटतं, आवाज नाही. मला वाटलं, आमच्या टीव्हीतच काही बिघडलं, मी दोन थपडा मारल्या त्याला. आणि मग दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी, ट्रे जागेवर ठेवलेला आणि कालचा धडामकन आवाज! त्या गावात आवाज एक दिवस उशिरा पोचतो. आज बोलायचं, उद्या ऐकू येणार, तेही जिथे बोललात तिथेच उभं राहिलात तर. कसं सुचलं गं तुला हे? तो माणूस, ज्याने शेजाऱ्याला शिव्या घातल्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला स्वतःच कानात कापूस घालून फाटकापुढून जातो, तिथे मी एवढी हसले की ठसका लागला. आणि त्या बाया, तान्ह्या पोरांचं रडणं ऐकू येत नाही म्हणून कामातून दर दोन मिनिटांनी मान वळवून पोरांची तोंडं बघणाऱ्या. ते कुणी सांगितलं तुला? तुला अजून मूलबाळ नाही. ते बघितलं तेव्हाच मला कळलं की ही पोरगी खरं काम करतेय.

आता तुला वाटेल आजीला काय कळतं. तर ऐक. तुझे आजोबा वर केबिनमध्ये मशीनवर, मी खाली अंधारात बॅटरी घेऊन. उशिरा आलेल्याला रांग दाखवायची, खुर्ची दाखवायची, बॅटरी पायांवर धरायची, तोंडावर कधी नाही. हे माझं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे खेळ सुटला की वीस मिनिटांत अख्खं थेटर झाडायचं. सिनेमा मी सलग असा एकही बघितला नाही, तुकड्या-तुकड्यांत बघितले, पण माणसं मात्र सलग बघितली. आणि झाडताना कळायचं की सिनेमा कसा आहे. वाईट सिनेमा असला की शेंगांची टरफलं सगळीकडे सारखी पसरलेली, कारण माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका चालीने चघळत बसलेला. चांगला असला की पुड्या अर्ध्या भरलेल्या सापडायच्या. हात पुडीत गेला आणि तिथेच राहिला, असं ते असतं. पाय वर घेऊन बसतात लोक, मग एकेक चप्पल पुढच्या रांगेत सरकलेली. एकदा तर एक बाई एका पायात चप्पल घालून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी दुसरी न्यायला आली, तेव्हा मी मालकांना सांगितलं, पाच आठवडे. मालक दर शुक्रवारी पहिला खेळ सुटला की विचारायचे, काय गं, किती? मी बोटं दाखवायची. चार बोटं म्हणजे चार आठवडे. माझी बोटं चुकली नाहीत, म्हणून तर पगार वाढला नाही तरी मान होता.

आणि तू करतेस तसले सिनेमे, ज्यांना तू विज्ञानपट म्हणतेस, त्यांना आम्ही थेटरातले लोक तबकडीचे सिनेमे म्हणायचो, त्यात उडती तबकडी असो की नसो. माझे सगळ्यात लाडके. तुझे आजोबा नाक मुरडायचे, म्हणायचे पुठ्ठ्याचं यान, डालड्याच्या डब्याचा यंत्रमानव, आणि त्याला खाज सुटली की आतला माणूस खाजवतो ते दिसतं. दिसायचंच की! पण लोकांचं त्याने काही बिघडत नसे. पुठ्ठा लोक माफ करतात, भिंगरी. मी बघितलंय. दिग्दर्शक एक खोटं बोलतो, की बाबांनो, चंद्रावर माणसं राहतात, आणि थेटरातली पाचशे माणसं म्हणतात, बरं, राहतात. पण मग त्या चंद्रावरचे कपडे कोण धुतं? तिथे पाणी कुठून येतं, म्हातारी माणसं कुठे बसतात, पोरं शाळा कशी बुडवतात? ते दाखवलं नाही की पुडी वाजायला लागली. सगळे नुसते चकचकीत अंगरख्यात उभे राहून विश्वाबद्दल बोलतायत आणि कुणाच्याही घरी एक खरकटं भांडं नाही, असलं जग कोण खरं मानेल? एक खोटं माफ असतं. त्या एका खोट्यानंतर सगळं खरं लागतं, आपल्या घरापेक्षाही खरं. आणि एकदा नेम ठरवला की तो मोडायचा नाही. दिग्दर्शकाला सोयीचं झालं म्हणून मोडायचा नाही, रडू आलं म्हणूनही मोडायचा नाही. पत्ते खेळताना मध्येच कुणी म्हणालं की आता राणी राजापेक्षा मोठी, तर तू पत्ते फेकशील का नाही? तसंच.

आणखी एक खूण सांगते. एक सिनेमा लागला होता, त्यात दारं आपोआप उघडायची. आज ती दुकानादुकानांत आहेत, तेव्हा नव्हती. मध्यंतरात एक म्हातारे गृहस्थ बाहेर जायला निघाले आणि आमच्या दारापुढे उभे राहिले. उभेच. ते उघडायची वाट बघत होते बिचारे! मागे ही रांग लागली. मी ढकलून उघडलं तर ते ओशाळून म्हणाले, विसरलोच. मी त्या शुक्रवारी मालकांना दोन्ही हातांची बोटं दाखवली. चांगला तबकडीचा सिनेमा तो, जो संपला तरी त्याचा नेम माणसाच्या अंगात घरापर्यंत जातो.

थांब, चहा टाकून येते.

चहा झाला. कपही धुतला, आणि खिडकीची काच पुसली, तिला काही गरज नव्हती. टाळतेय मी, कळतंय मला. तर आता एका पोराबद्दल सांगते, पोर म्हणजे तुझ्याएवढा दिग्दर्शक. त्याचा पहिलाच सिनेमा आमच्याकडे लागला होता. तबकडीचाच. एका माणसाची सावली त्याला सोडून जाते आणि वेगळी नोकरी धरते, असं काहीतरी. काय सुरेख होता, काय सांगू. पहिल्या निम्म्यात कुणी खोकलं नाही. आणि मग एक शास्त्रज्ञ येतो, फळ्यापुढे उभा राहतो आणि सावली का गेली ते खडूने समजावून सांगतो. अख्खं एक रीळ! थेटरात एका दमात शंभर पुड्या वाजल्या. लोक लघवीला उठले. परत आले ते वेगळीच माणसं होऊन आले, तोवरचा सगळा धागा तुटलेला. खेळ सुटल्यावर तो पोरगा दाराशी उभा. सदऱ्याला इस्त्री, बूट कुणाचे तरी मागून आणलेले, मोठे होत होते. त्याने मालकांना नाही विचारलं, मला विचारलं. कसा वाटला, मावशी? त्याचे डोळे असे होते की मी म्हटलं, छान आहे, चालेल. त्याने तीनदा विचारलं आणि मी तीनदा म्हटलं. आणि वर तुझे आजोबा बसलेले होते. ते रीळ ते सहाच्या खेळाला सहज वगळू शकले असते. तो पोरगा हो म्हणाला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, कागदावर नाही, कोर्टात नाही, डबा बाजूला ठेवायचा फक्त. त्याला एवढं सांगायला मी तोंड उघडलं नाही. बुधवारी सिनेमा उतरला. त्याने पुन्हा सिनेमा केला नाही. विमा विकतो असं कुणी म्हणालं. आजोबांना मी हे रात्री जेवताना सांगितलं तर ते घास तसाच हातात धरून म्हणाले, अगं, मग बोलली का नाहीस? ते कधी माझ्यावर आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आता तू रागावणार आहेस ते सांगते. तू तो बोटाएवढा पेनड्राइव्ह पाठवलास तेव्हा तीनदा बजावलं होतंस, एकटीने बघ, कुणाला दाखवू नकोस, अजून कच्चा आहे. मी शुक्रवारी एकटीने बघितला. आणि शनिवारी सगळ्या इमारतीला दाखवला.

सगळ्या म्हणजे सव्वीस माणसं. खाली मीटिंगची खोली आहे ना, जिथे लिफ्टवरून भांडणं होतात, तिथला मोठा पडदा. निवृत्त बसचालकांनी जोडून दिला सगळा जामानिमा. त्यांनी त्यासाठी नवा शर्ट घातला होता. चौथ्या मजल्यावरची शिंपीण, नर्सबाई, बाकीच्या मजल्यांवरची माणसं, दोन पोरी खालच्या दुकानातल्या. मी खुर्च्या लावल्या, रांगा सरळ, मध्ये वाट सोडली. बिस्किटांच्या आणि शेंगदाण्यांच्या पुड्या वाटल्या. बॅटरीसुद्धा घेतली होती हातात, हसू नकोस. तू म्हणशील, आजीने परीक्षा घेतली सिनेमाची. मीही आधी तसंच लिहायचं ठरवलं होतं, की तुझ्या भल्यासाठी दाखवला. पण खरं तसं नाही. मी मिरवायला दाखवला. कारण त्यात मी आहे. तुझ्या सिनेमात एक आजी आहे, जिच्या शालीला माझ्यासारखं इस्त्रीने पडलेलं भोक आहे, जिचा चष्मा माझ्यासारखा दोऱ्याने बांधलाय, जी माझ्यासारखी एक भुवई वर करून बघते. शुक्रवारी ती पडद्यावर आली तेव्हा मी टीव्हीला हात लावला. आयुष्यभर मी दुसऱ्यांना खुर्च्या दाखवल्या आणि एकदाही त्या उजेडात गेले नाही, आणि माझ्या भिंगरीने मला नेऊन बसवलं तिथे, चांगली अकरा मिनिटं. शनिवारी सकाळी उठून मी घरोघर सांगत फिरले की संध्याकाळी या, माझ्यावर सिनेमा निघालाय. हे असं झालं. माफ कर, किंवा नको करूस, पण पुढचं वाच.

मी मागे उभी राहिले, सवयीने. बसताच येईना. काय सांगू तुला, पहिला तासभर सव्वीस माणसं अशी बसली होती की शिंपिणीच्या बांगड्यांचाही आवाज नाही. बसचालकांच्या मांडीवरची पुडी उघडलेली, हात आत आणि हात तसाच. तुझी ती बेकरीवाली पोरगी भावाशी भांडते, काय बोलतायत ते कुणाला ऐकू येत नाही, त्यांनाही नाही, नुसती तोंडं आणि हात, आणि आपल्याला अक्षर न् अक्षर कळतं! तो पिशवी उचलतो, जिना उतरतो, अर्ध्या जिन्यात थांबून मागे वळतो आणि काहीतरी बोलतो. काय बोलला? ते ऐकायचं तर तिला उद्या त्याच वेळी त्या पायरीवर उभं राहावं लागणार. त्याला गाठायचं तर आत्ता त्याच्यामागे गाव सोडून धावावं लागणार. दोन्ही होणार नाही. नर्सबाई मोठ्याने म्हणाल्या, अगं धाव ना! आणि शिंपीण म्हणाली, थांब, धावू नकोस, ऐकून घे! दोघी एकमेकींवर डोळे वटारायला लागल्या. भिंगरी, बावीस वर्षांत मी असलं चार-पाचदाच बघितलं असेल.

आणि तिथे मी आले.

पोरगी धावत पुढच्या गल्लीत आजीकडे जाते. आजी दार उघडते, तिला जवळ घेते आणि बोलायला लागते. आणि आजीचा आवाज लगेच ऐकू येतो. त्याच क्षणी. तू मला मागे सांगितलं होतंस, की आजी, तुझा आवाज मी उशिरा येऊ देणार नाही, तुझ्या मायेला वेळ लागत नाही. ऐकून माझे डोळे भरले होते. पण त्या खोलीत शिंपीण पटकन म्हणाली, हिचं बरं लगेच ऐकू येतं! आणि लोक हसले. वाईट मनाने नाही हसले गं. पण चुकीच्या जागी हसले, आणि चुकीच्या जागचं हसू म्हणजे काय ते मला विचार. मग आजी सांगत बसली. की माणसं एकमेकांचं वेळेवर ऐकत नाहीत, की शब्द उशिरा पोचतात पण माया आधी पोचते, की बाळ, जा, त्या पायरीवर उभी राहा. बसचालकांचा हात पुडीत हलायला लागला. खरं सांगते, मी तो आवाज अंधारात, डोळे मिटूनही ओळखते. आधी एक पुडी, मग चार, मग सगळ्या. दुकानातल्या पोरींनी मोबाइल काढले. आणि माझे शेजारी, बिचारे, मध्येमध्ये मागे वळून माझ्याकडे बघून हसत होते, की वा आजी, वा. सव्वीस माणसं शेंगदाणे खात माझं कौतुक करत होती आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

शेवट मात्र तू जिंकलास. जिंकलीस म्हणायला हवं, पण मी थेटरात असंच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ती पायरीवर उभी आहे, चार वाजून दहा मिनिटं होतात, आणि रिकाम्या जिन्यात त्या भावाचा आवाज येतो, की मागच्या दाराची कडी वर उचलून लाव, नाहीतर उघडी राहते. एवढंच. ना माफी, ना काही. मी तर आदल्या दिवशी बघितलेलं होतं तरी मला भिंतीला हात टेकावा लागला. पण लोकांना तिथे पोचायला वेळ लागला. अर्ध्या लोकांच्या तोंडात शेंगदाणा होता. एक पोरगी अजून मोबाइल बंद करत होती. त्यांना तू जिथवर नेलं होतंस तिथून त्या आजीने परत घरी आणून सोडलं होतं, आणि पुन्हा जायला वाटेत चार वाजून दहा मिनिटं होऊन गेली. नंतर मी खोली झाडली. पहिल्या तासाचं काही नाही, एक चुरा नाही. सगळं त्या अकरा मिनिटांचं. सालं न् सालं, तुकडा न् तुकडा. तरी सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी बसचालक जिन्यात भेटले, मी म्हटलं, काय, कसे आहात, तर नुसते ओठ हलवले आणि हाताने खूण केली की उद्या या ऐकायला. म्हणजे नेम अंगात गेलाय. तुझा सिनेमा जिवंत आहे.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा केरसुणी अजून दाराशीच होती. आणि मी म्हटलं, छान. पुन्हा तेच. एवढं सगळं माहीत असून तेच. कारण मला माहीत आहे की त्या अकरा मिनिटांसाठी तू किती जणांशी भांडलीस. तुझ्या आईने सांगितलंय मला. तो तुझा संकलक, ज्याला तू कात्री म्हणतेस, तो महिनाभर सांगतोय की हा भाग काढ, निर्मातीणबाई सांगतायत, आणि तू म्हणालीस, सगळा सिनेमा काप पण माझ्या आजीला हात लावायचा नाही. अशी माझी नात. मी त्यावर काय बोलणार होते? आणि त्याहून खरं म्हणजे मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. दोन दिवस मी त्यावरच घोटाळतेय. तुकडे तुकडे करून सौदा करत होते मनात, की निदान पाच मिनिटं ठेवेल, निदान दार उघडताना दाखवेल, बोलणं कापेल. काल तुझी आई आली होती, तिला विचारलं, काय करू, तर ती म्हणाली, आई, तिला किती आनंद झालाय तुला दाखवून, कशाला मोडतेस तिचं मन? मी हो म्हटलं. ती गेल्यावर पुन्हा भांडी घासली.

आणि ती आजी मी नाहीच गं. मी एवढं शहाण्यासारखं कधी बोलले? तू बारावीत नापास झालीस तेव्हा मी काय म्हटलं होतं, आठवतंय? मी विचारलं, जेवलीस का, आणि मग म्हटलं, तो निळा फ्रॉक काढून दे, शिलाई उसवलीय. तू दिवसभर माझ्याजवळ बसून राहिलीस, आणि मी दिवसभर फ्रॉक शिवला. तुझ्या त्या भावाने कडीबद्दल सांगितलं, ते माझं बोलणं आहे. ते तू माझ्याकडूनच उचललंयस, तुला कळलंसुद्धा नसेल. ती शालवाली बाई आहे ना, ती फळ्यापुढे उभी राहून खडूने समजावतेय, फक्त तिला तू माझा चष्मा घातलायस.

म्हणून हे लिहितेय. तिला काढ. कात्री सांगतो म्हणून नाही, निर्मातीणबाई सांगतायत म्हणून नाही. त्यांचं तू ऐकत नाहीस, आणि ते माझ्यासाठीच ऐकत नाहीस, तेव्हा हे माझ्याखेरीज कुणी सांगून उपयोग नाही. सगळी अकरा मिनिटं काढ, पाच ठेवू नकोस, दार उघडतानाचंही ठेवू नकोस. भाऊ अर्ध्या जिन्यात थांबू दे, त्याचे ओठ हलू दे, तो जाऊ दे, आणि लगेच ती पोरगी पायरीवर उभी दिसू दे, मध्ये कुणी नको. तिचं तिला ठरवू दे की धावायचं का थांबायचं, आणि शिंपीण आणि नर्सबाईंना भांडू दे. मला वाईट वाटेल का, तर वाटेल, तू विचारलंस तर नाही म्हणणार नाही. पण शनिवारी मी मागे उभी होते, पडद्यावर मीच होते, माझीच शाल, माझाच चष्मा, आणि अख्खी इमारत माझ्याकडे वळून बघत होती, तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की ही बाई आता गप्प बसेल तर बरं, मला त्या जिन्यातल्या पोरीकडे परत जायचंय.

तुझीच,
आजी